हाड साबूत आहे

यमुनामावशी बोलता बोलता उजवं मनगट माझ्या कानाशी आणायच्या आणि हळूच वळवायच्या. आतून ‘खट्’ असा आवाज यायचा.

“आयकलास? तुह्या मशीनले दिसत नाही, पण मले आयकू येते.”

मी साकोलीच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. मावशी आमच्या एकोडीतल्या शेजारीण. एकट्याच राहायच्या, मुलगी कारध्याला दिलेली. लग्नाच्या मोसमात लांब रोट्यांसाठी त्यांना गावोगावी बोलावणं असायचं. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायच्या आणि तापलेल्या पालथ्या मडक्यावर अलगद पसरायच्या. रोटी फाटत कशी नाही, असं एकदा मी विचारलं. म्हणाल्या, “हात भेला का रोटी फाटते, बाबू.”

तीन वर्षांपूर्वी एका मांडवात सांडलेल्या पाण्यावरून घसरून त्या उजव्या तळहातावर पडल्या. दुसऱ्या दिवशी फोटो मीच काढला. कुठे तडा नव्हता. डॉक्टरांनी लचक सांगून पट्टी आणि गोळ्या दिल्या, आराम करायला सांगितलं. बाहेर येऊन मी म्हणालो, “मावशी, हाड साबूत हाय. काही झालं नाही.”

चौथ्या दिवशी त्या मडक्यापुढे बसल्या होत्या.

सूज उतरली, दुखणं राहिलं. लोटा उचलताना मनगट दगा द्यायचं. “आतमंदी काहीतरी सरकून राहिलं,” त्या सांगायच्या. दोनदा पुन्हा फोटो काढला. हात सपाट ठेवून, पहिल्यासारखाच. तेच वाक्य मी दोन्ही वेळा म्हणालो. पुढं तर फोटो न काढताही म्हणायला लागलो.

मागच्या वर्षी आमच्याच घरच्या लग्नात हातभर लांबलेली रोटी त्यांच्या मनगटावरून घसरून राखेत पडली. बायका हसल्या. कोणीतरी वय झालं म्हणालं. मावशींनी हात पुसले आणि दुसरा गोळा घेतला. तोही पडला. मग त्या उठल्या.

मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. मीही सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना मूठ घट्ट आवळायला लावून फोटो काढला. सपाट हाताच्या फोटोत न दिसलेली फट आता मनगटातल्या दोन लहान हाडांमध्ये स्पष्ट होती. त्यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध पडल्या दिवशीच तुटला असावा, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं असतं तर शिवता आला असता. आता सांधा झिजला होता. आत धातूची पट्टी टाकून हाडं जोडता येतील. दुखणं कमी होईल, पण मनगट वाकणार नाही.

“अन् रोटी?” मावशींनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी फोटोकडे पाहत होतो. मला काहीच वाटत नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. मावशींनी मुलीकडे राहायचं ठरवलं. साकोलीच्या स्टँडवर त्यांची पिशवी मी बसमध्ये ठेवली.

“मावशी, माहं चुकलं.”

“तुले दिसलं नाही, तं तू काय करशीन,” त्या खिडकीतून म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पण ‘मले समजत नाही’ असं एकदा तरी म्हणाचं होतं, बाबू. मी दुसरीकडं दाखवलं असतं.”

बस सुटली. मी दवाखान्यात परतलो. बाकावर चार जण बसले होते. पहिल्याचं नाव पुकारलं.