त्याच्या वाटणीची सुकडी
गूळ घालून भाजलेल्या पिठाचा वास आला की अजून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बहात्तरच्या दुष्काळात पिंगळीजवळ खडी फोडायचं काम चालू होतं आणि मजूर बायांची पोरं मी लिंबाखाली सांभाळायचे. मला शिकवायची भारी हौस. एका दुपारी पोरांना ती गूळ-पिठाची सुकडी वाटायच्या आधी मी सांगितलं, ‘पाहिजे’ वेगळं, ‘वाटतं’ वेगळं. प्रत्येकानं दोन्ही सांगायचं. कुणाला चेंडू पाहिजे होता, कुणाला उन्हाचा राग आला होता. मग सहा वर्षांची एक पोरगी उठली. तिचा धाकटा भाऊ आठवड्यापूर्वीच हगवणीनं गेला होता आणि यादीतून त्याचं नाव काढवेना म्हणून त्याची सुकडी मी तिलाच देत होते. ती म्हणाली, “बाई, मला भाऊ पाहिजे.” मी पदरानं डोळे टिपत विचारलं, “आणि वाटतंय काय?” “त्याची सुकडी बी मलाच भेटायलीय. लय बरं वाटायलंय.” मी हबकलेच. माझं तोंड बघून तिनं विचारलं, “चुकलं का, बाई?” मी मान फिरवली. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि एवढंच तिला सांगायचं माझ्याकडून कायमचं राहून गेलं.