आबांची कबुली

माझे वडील, आबा, कुणालाही स्वतःच्या पुढं चालू देत नसत. सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत एकाच माणसापुरती वाट असली, की ते हात आडवा करून बाकीच्यांना थांबवत आणि आधी स्वतः निघत. मागून सायकलवाला पुढं जाऊ द्या म्हणून गुजरातीत ओरडे, "काका, आगळ जवा दो ने!" तरी त्यांची चाल बदलत नसे. शेजारच्या सुकदेवकाकांच्या मुलाच्या वरातीत ते घोड्याच्याही पुढं निघाले, तेव्हा काका वैतागले. "अरे हवालदार, मन्हा पोऱ्यानं लगीन शे, तू काय पुढं चालस!" सगळे हसले. आबा हसले नाहीत आणि मागंही आले नाहीत. फौजेतला रुबाब अजून उतरला नाही, असं लोक म्हणत. मलाही तसंच वाटे.

फौजेतून आल्यावर आबा बमरोलीच्या एका मिलमध्ये फाटकावर पहारेकरी झाले. सुरतेत मी बिघडेन म्हणून त्यांनी मला अमळनेरला मामाकडे ठेवलं आणि शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज हजीऱ्याच्या एका कंपनीत मी टेबलाशी बसून काम करतो, ते आबांनी फाटकावर उभं राहून काढलेल्या वर्षांमुळं. सुट्टीत घरी आलो की ते इंग्रजीचं पुस्तक माझ्यापुढं सरकवत. "हाई शिक. परक्या मुलखात तोंड बंद ठेवनं पडस, तवा कळस." यापलीकडं फौजेबद्दल ते काही बोलत नसत. भारताच्या शांतिसेनेबरोबर लंकेत गेले होते, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं वारलेल्या माणसांची घागर भरतात, त्यांचं नाव घेऊन पाणी सोडतात. आबा दोन घागरी भरत. पहिलीवर आजोबांचं नाव घेत. दुसरीवर पाणी सोडताना नुसतेच ओठ मिटून बसत. आई एकदा म्हणाली, "नाव नसेल तर ते पाणी कोणाला पोचायचं?" आबा उठून बाहेर गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून परतताना रिक्षातच त्यांनी मला सगळं सांगितलं. जाफनाजवळच्या एका गावात ताडी काढणारा एक माणूस होता. आबांच्या तुकडीला तो विहिरीचं पाणी काढून देई. एका सकाळी ताडाच्या बनातून पायवाट तपासायची होती. जमिनीत सुरुंग असत. आबा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे. सगळ्यांत पुढं त्यांना जायचं होतं आणि त्यांचे पाय उचलेनात. तो माणूस शेजारीच उभा होता. आबांनी त्याला खुणेनं सांगितलं, तू पुढं चाल. तो वीसेक पावलं चालला.

"तेनं नाव बी मले मालूम नही," आबा म्हणाले. "तेना घरच्यास्ले सांगनं शे, मी धाडं तेले पुढं. मंग मरू दे मले."

आम्ही गेलो. पासपोर्टच्या रांगेत आबा पुटपुटले, "मागच्या टाईमले तं कोनी कागद मांगा नही." चेन्नईहून जाफनाला उतरलो. गाव त्यांना आठवत होतं आणि देवळामागची विहीरही. देवळातल्या पुजाऱ्यानं सुरुंगात गेलेल्या ताडीवाल्याचं घर दाखवलं. त्याची बायको वारली होती. मुलगी होती, माझ्याच वयाची, शाळेत शिकवणारी. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. भिंतीवर त्याचा जुना, पिवळा पडलेला फोटो होता. तिनं चहा आणला.

आबा खुर्चीवर बसले नाहीत. उभे राहूनच मला म्हणाले, "सांग तिले. मी सांगं व्हतं तेले, पुढं चाल म्हणीसन. मी घाबरेल व्हतू. समदं सांग."

माझ्या हातात तिच्या घरचा कप होता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी इंग्रजीत म्हणालो, "माझे वडील तेव्हा इथं सैनिक होते. तुमचे वडील त्यांना पाणी देत. ते त्यांना कधी विसरले नाहीत. त्यांना फक्त नाव हवं आहे."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "सेल्वराजा." पुढं म्हणाली, "माझ्या वडिलांना मित्र होता, हे आईनं मला कधी सांगितलं नाही." ती उठली आणि तिनं आबांचे दोन्ही हात हातात धरले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"समदं सांगं ना तू?"

"हो आबा."

"तरी हात धरस ती?"

मी मान डोलावली. आबा तिथंच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तीही रडली. कोरड्या डोळ्यांचा तिथं मी एकटाच होतो.

त्यांना वाचवायला मी खोटं बोललो, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. अशा माणसाचा मुलगा म्हणून तिच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटली. त्यांनी पोटाला चिमटा काढून मला जी भाषा शिकवली, तिच्यातच मी त्यांची कबुली दाबून टाकली.

पुढच्या आखाजीला आबांनी नाव घेऊन पाणी सोडलं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यानंतर ते वाटेत माणसांना पुढं जाऊ देऊ लागले. आई म्हणे, "तिकडं जाऊन आल्यापासून यांना शांत झोप लागते." ते सुखानं जगत होते आणि मला त्यांच्याजवळ बसवत नव्हतं. दिवाळीनंतर ते गेले. तोवर खरं सांगायची संधी मला रोज होती.

मी सेल्वराजाच्या मुलीला फोनवर कळवलं. तासाभरात तिचा संदेश आला. तिनं आबांचा एक चांगला फोटो मागितला होता, गणवेशातला असला तर उत्तम. वडिलांच्या फोटोशेजारी तिला तो लावायचा होता.

मी पाठवला.