चिवण्यांची जेवायची वेळ

लग्न होऊन मी रेवसजवळच्या मिठागरवाल्यांच्या घरात आले, तेव्हा नवरा आठवड्यातून एकच रात्र घरी असायचा. मुंबईला गिरणीत नोकरी. शनिवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचं, रविवारी संध्याकाळी लाँचनेच परत. उरलेले सहा दिवस मी, सासूबाई आणि मामंजी. मी जन्माची बडबडी, आणि ही दोघं शब्द तोलून मापून बोलणारी. माझा जीव नुसता कोंडायचा. ते ह्यांच्या लक्षात आलं असावं, कारण गौरी-गणपती उरकल्यावर एका शनिवारी हे चक्क काचेची टाकी घेऊन आले. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, आणि वेगळ्या डब्यात सहा रंगीत मासे. मी इतकी हरखले की त्या रात्री मला जेवणही गेलं नाही.

मंगळवारपर्यंत सहाही मासे उताणे पडले. मी डोळ्यांना पदर लावून बसले, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "येवढं येवढं मासं, कालवनाला बी पुरलं नसतं." मला असा राग आला त्यांचा.

मामंजी मात्र पागाचं जाळं खांद्यावर टाकून बांधावर गेले. शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधाला दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. तिथून त्यांनी पाच चिवण्या जिवंत आणल्या. चिवणी म्हणजे वीतभर लांबीची, बिनखवल्याची, तोंडाभोवती लांब मिशा असलेली मासळी. आमच्या बाजूला तिची जागा कालवणात. टाकीत सोडताना एकीने माझ्या बोटात असा काटा मारला की हात दोन दिवस ठणकत होता. पण "या नाय मरनार" असं मामंजी म्हणाले आणि मी ठणका विसरले.

चिवण्या मेल्या नाहीत, पण दिसल्याही नाहीत. मी आत एक फुटकं कौल ठेवलं होतं, त्याच्याखाली पाचही जणी दडून बसल्या. दिवसा कौलाखाली, रात्रीही कौलाखाली. तांदळाची कणी टाकली, गांडुळं टाकली, सगळं तसंच तळाशी. दोन शनिवार ह्यांनी येऊन टाकीत डोकावून पाहिलं, त्यांना कौल दिसलं. दुसऱ्या रविवारी निघताना म्हणाले, "अगं, उपाशी मारतेस कशाला त्यांना? पुढच्या रविवारी टाकी मुंबईला परत नेतो. चिवण्या आयला दे."

सासूबाईंना दे म्हणजे कालवणाच्या मडक्यात दे. त्या घरात माझी म्हणावी अशी ती टाकी ही एकच वस्तू होती.

माझ्या हातात सहा दिवस होते. सोमवारी पाणी बदललं, मंगळवारी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, टाकला. बुधवारी तर टाकीशी बसून चिवण्यांना चांगलं सुनावलं. पाहुण्यांसारखं घालतेय आणि तुम्ही तोंड फिरवता, म्हटलं. कुणी मिशीसुद्धा हलवली नाही.

गुरुवारी घरातलं रॉकेल संपलं. दुकानातही नव्हतं. चुलीतल्या निखाऱ्यांचा तेवढा लालसर उजेड माजघरापर्यंत येत होता. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला चुळुक असा आवाज आला. मग पुन्हा. मी रांगत टाकीशी गेले. पाचही चिवण्या कौलाबाहेर. मिशा पुढे पसरून तळ चाचपत होत्या, गांडूळ सापडलं की झटक्यात ओढून घ्यायच्या आणि गर्रकन वळायच्या. एकीने तर माझ्या नाकासमोरच्या काचेवर मिशा टेकवल्या.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की सासूबाई रॉकेलची एक चिमणी आठवणीने टाकीशी आणून ठेवायच्या. ती रात्रभर जळायची. घरातला जीव, मग तो मासा का असेना, दिवेलागणीनंतर अंधारात ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. त्या बिचाऱ्या मायेने करत होत्या आणि चिवण्या त्या उजेडाला भिऊन उपाशी राहत होत्या.

मी सासूबाईंना हाताला धरून आणलं. "आय, बघा. ह्यांना काळोखच लागतो."

"जीवाला कालोखान ठेवू नये, बाय," त्या म्हणाल्या. पण बसल्या. बराच वेळ बसल्या. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते, आणि माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या हसण्यात विरघळून गेला.

शनिवारी हे आले ते गोणपाट आणि सुतळी घेऊनच. तोवर रॉकेल आलं होतं. ह्यांनी सवयीने माजघरात कंदील आणला, तो सासूबाईंनी हातातून काढून घेतला आणि पडवीत नेऊन ठेवला. "गप बस. त्यांची जेवाची येल हाय."

हे कुरकुरत बसले. मी शेजारी श्वास धरून. आज नाही आल्या तर, हा एकच विचार डोक्यात होता. पहिली चिवणी कौलाखालून बाहेर आली तेव्हा मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला की दुखला असणार. दुसरी आली, तिसरी आली. हे हळूहळू पुढे सरकत काचेला नाक लावून बसले आणि कुजबुजत मला विचारू लागले, ही मोठी कोण, ती कोपऱ्यातली अशी का करते. मी अखंड बोलत होते. सांगता सांगता माझा घसा बसला.

रविवारी दुपारी हे म्हणाले, तिन्हीसांजेला एकदा बघतो आणि मग निघतो. आम्ही दोघं पुन्हा काळोखात बसलो. शेवटची लाँच कधी सुटली, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सोमवारी सकाळी नवरा पडवीत चहा पीत बसलेला मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिला.