शनिवारी खरं बोलणारा काटा

ती घटना आठवली की आजही हातातला कप मी खाली ठेवतो, आणि चहा तसाच गार होतो.

मी आठवी शिकलेला माणूस. आरक्षक, म्हणजे साधा शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी नोकरी पुस्तकावर नाही, अकलेवर केली. तेव्हा मी सीमेपलीकडच्या सौंसर भागातल्या एका ठाण्यात होतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

कापसाचा हंगाम होता. गावाबाहेर एक धरमकाटा होता. भरलेले ट्रॅक्टर तिथं तोलले जायचे आणि त्या वजनावर व्यापारी माल घ्यायचा. काटा कमी दाखवतो अशी शेतकऱ्यांची कुरकुर सुरू झाली होती. काट्याला लागून चहाची टपरी होती. टपरीवाला आमचा खबरी. याची टीप फुकट जात नाही, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. एक दिवस ग्लास पुढं करता करता तो हळूच बोलला, "साहेब, काट्यावरचा बुढा गडबड करून राहिला. खिशात काई तरी ठेवते."

बुढा म्हणजे काटा चालवणारा. केस पिकलेला, बोलायला कमी. मी स्टाफ घेऊन पोचलो तोवर बातमी फुटली होती आणि लोकांनी त्याचा सदरा फाडला होता. गर्दीतून काढून त्याला गाडीत टाकलं. झडतीत चुन्याची डबी निघाली, बाकी काही नाही. वजनमापं तपासणाऱ्या नापतौल विभागाचा माणूस आला, त्यानं प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर. पण तक्रारी खऱ्या होत्या आणि गाव पेटलं होतं. गुन्हा दाखल केला, अटक केली. कोर्टानं जमानत दिली, पण चोराला जामीन कोण राहणार? सगळ्या गावात एक माणूस उभा झाला नाही. बुढा जेलात गेला. त्याची बायको रोज येऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची.

पूछताछ मीच केली होती. खोटं बोलणारा तीच गोष्ट त्याच शब्दांत दहादा सांगतो. खरा माणूस चुकतो, थांबतो, मग दुरुस्त करतो. बुढा दुरुस्त करत होता. ते माझ्या ध्यानात आलं होतं. तो म्हणाला, "साहेब, काटा उघडून पाहा म्हून मीच मालकाले सांगतलं होतं." मी बयानात लिहून घेतलं. पण खबरीचा शब्द पारड्यात जड होता.

मग त्या मॅडम आल्या. पांढुर्ण्याला कॉलेजात सांख्यिकी शिकवायच्या. त्यांच्या वडिलांचा कापूस त्याच काट्यावर तोलला होता, म्हणून साक्ष द्यायला आल्या. माझ्या टेबलावर मी केलेला हिशेब होता. आमच्या काट्यावरच्या ट्रॅक्टरांची सरासरी एकीकडे, दुसऱ्या गावच्या काट्याची सरासरी दुसरीकडे. फरक असा काही दिसतच नव्हता. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "काका, यात काटा मोजला का ट्रॅक्टर मोजले?"

मला राग आला. त्या म्हणाल्या, एक ट्रॅक्टर अर्धा भरून येतो, दुसरा डोंगरासारखा. त्या चढउतारात काट्याची चोरी बुडून जाते. तोच ट्रॅक्टर दोन्ही काट्यांवर तोला, मग जोडीजोडीनं फरक पाहा. काटा खरा आहे असं आधी धरून चालायचं. खरा असला तर फरक कधी वर येईल, कधी खाली, नाणं उडवल्यासारखा. सगळे एकाच बाजूला पडायला लागले, तरच म्हणायचं की हा योगायोग नाही.

मी म्हणालो, संशय आहे तेच ट्रॅक्टर अडवतो. तर नाही म्हणाल्या. तुम्ही निवडले तर तुमचाच संशय तुम्हाला परत दिसेल.

म्हणून पुढं रस्त्यावर नाकाबंदी लावली. ओव्हरलोडचं निमित्त. काट्यावर तोलून निघालेला ट्रॅक्टर दिसला की आमचा हवालदार नाणं उडवायचा. छापा आला तर अडवायचा आणि तपासून घेतलेल्या दुसऱ्या काट्यावर न्यायचा. हवालदार कुरकुरायचा, "साहेब, आता पोलीस नाण्याले इचारून काम करते म्हणतीन लोक."

सुरुवात करण्याआधी मॅडमनी माझ्याकडून एक गोष्ट वदवून घेतली. किती एकतर्फी निघालं तर काटा खोटा म्हणायचं, ते आजच ठरवा. निकाल पाहून रेघ ओढायची नाही. मी म्हणालो, माणूस जेलात आहे, रेघ कडक ठेवा. त्यांनी अशी ठेवली की खऱ्या काट्याकडून तसं शंभरात एकदाही होणं कठीण.

वजनं जमली. एका ट्रॅक्टरवरून वाटेत गठडी पडली होती, एकावर मजूर चढून बसले होते. त्यांचे फरक भलतेच मोठे. असे दोनचार आकडे सरासरी बिघडवतात, म्हणून मॅडमनी फरक किती हे सोडून दिलं, फक्त कमी की जास्त एवढीच खूण धरली. खुणा जवळजवळ सगळ्या कमीच्या. रेघ केव्हाच ओलांडली होती.

मी खुर्चीत बसूनच राहिलो. काटा खोटा होता म्हणून नाही. बुढा जेलात होता आणि काट्यावर मालकानं बसवलेला दुसरा माणूस होता. वजन तरी कमीच भरत होतं.

जास्तीच्या ज्या थोड्या खुणा होत्या, त्या बहुतेक शनिवारच्या होत्या. हवालदार हसला, "शनिवारी मारुतीचा धाक असते साहेब. काटाही खरं बोलते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. दर शनिवारी टपरी बंद करून जामसांवलीच्या मारुतीला कोण जातो, ते मला माहीत होतं. रविवारी सकाळी प्रसाद तो माझ्याच हातावर ठेवायचा.

मी उठून बेल्ट बांधायला लागलो. मॅडमनी अडवलं. "काका, शनिवार आपल्याले आकडे पाहून सुचला. ही टीप झाली, पुरावा नाही. यासाठी नवीन वजनं घ्या."

टीप आणि पुरावा यातला फरक एका मास्तरणीनं मला सांगावा! पण बोलणं कायद्याचं होतं. पुन्हा नाकाबंदी लावली. आता खबरीचं काम काढून मी टपरीवाल्याला इतर वारांनाही दूर मोहगावला पाठवायचो. कोणत्या दिवशी पाठवायचं ते नाणं ठरवायचं. तो गेला की खुणा वर-खाली. तो टपरीवर असला की कमीच कमी. वार कोणताही असो.

एका सकाळी ट्रॅक्टर काट्यावर चढत असताना मी टपरीत जाऊन उभा राहिलो आणि चहा मागितला. त्याचा उजवा हात भांडं ढवळत होता, डावा साखरेच्या डब्यामागं गेला. मी मनगट धरलं. मुठीत रिमोट होता. काट्याच्या खालच्या डब्यात बसवलेली चीप मग मिस्त्रीनं काढून दाखवली. नापतौलवाला आला त्या दिवशी यानं बटणच दाबलं नव्हतं.

मनगट माझ्या हातात असताना तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चहा तर घ्या."

ठाण्यात त्यानं सगळं सांगितलं. एका व्यापाऱ्यानं हे काम दिलं होतं. तो व्यापारीही मग आत गेला. बुढा काटा उघडा म्हणून मालकाच्या मागं लागला होता, म्हणून त्याचा काटा काढायचा होता. मी विचारलं, मलाच कशाला सांगितलं?

"माह्या शब्दावर तुमी त्याले एका दिवसात धरसान, हे मले माहीत होतं."

एवढ्या नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण त्या वाक्यासारखा हादरा कधी बसला नाही.

बुढा सुटला. बायकोबरोबर ठाण्यात आला, पंचनाम्यातली चुन्याची डबी परत मागितली, अंगठ्यानं झाकण उघडून पाहिली आणि गेला. गावातलेच लोक त्याला काट्यावर परत बसा म्हणून सांगायला गेले. तो बसला नाही.

या केसनं मला शिकवलं ते असं. माणूस खरा आहे असं धरूनच सुरुवात करा, आणि ते धरणं अशक्य होईल तेव्हाच सोडा. आणि आकडे चोर पकडत नाहीत. हा योगायोग नाही, एवढंच ते सांगतात. मनगट पोलिसालाच धरावं लागतं, आणि ते मी धरलं. याचा अभिमान मला आहे आणि राहील.

पण निघताना मॅडमनी सहज विचारलं होतं, "काका, त्याच्या आजवरच्या टिपांपैकी खोट्या किती निघाल्या?"

खऱ्या निघालेल्या सगळ्या मला पाठ होत्या. खोट्या मी कधी शोधल्याच नव्हत्या.