औशाच्या छावणीतला हरण्या

गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जन्म गेला, पण चार मित्र जमले की किस्से निघतात ते औशाच्या चारा छावणीचेच. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा आधीच तोंडाशी येऊन थांबलेला असतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्यात दुष्काळ. नव्या जिल्ह्याचे एक साहेब छावणी बघायला आले. दावणीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही जनावरं कुठल्या जिल्ह्याची?"

सोपानराव नावाचे शेतकरी होते. जिभेला हाड नाही, पण माणूस सरळ. म्हणाले, "आली तवा उस्मानाबादची व्हती साहेब. आता चारा लातूरचा खायला लागलीत."

साहेब पुढच्या दावणीकडे गेले.

*

आमचे डॉक्टर तरुण, कायम पांढऱ्या शर्टात. वाळकं बुस्काट जनावरं खाईनात, म्हणून त्यांनी साखर कारखान्याची गोड मळी आणवली. ती पाण्यात कालवून बुस्काटावर कशी शिंपडायची, हे ते स्वतः दाखवायला लागले. निम्मी मळी अंगावर आली. सोपानरावांच्या म्हशीनं बुस्काट बाजूला सारलं आणि डॉक्टरांची बाही चाटायला घेतली. कोपरापर्यंत चाटून काढली.

सोपानरावांची बायको भागीरथीबाई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, उद्या बी हाच शर्ट घालून या."

*

मग आम्ही चाटायला क्षारांच्या विटा वाटल्या. एका गड्यानं ती वीट दोरीनं पार आढ्याला टांगली. गाय मान वर करून थकली. का रे बाबा, विचारलं तर म्हणाला, "खाली ठेवली तर चाटून संपवंल की!"

*

पण खरा किस्सा हरण्याचा. सोपानरावांचा म्हातारा बैल. सोपानराव त्याला रोज शिव्या देत देत चारा टाकायचे. लेकीच्या बाळंतपणासाठी ते निलंग्याला गेले आणि हरण्यानं खाणं सोडलं. डॉक्टरांनी तपासलं, ताप नाही, पोटफुगी नाही. भागीरथीबाईनं मानेवरून हात फिरवला, पेंडीत गूळ कालवला. बैल तोंड लावीना. बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशा कमी आहे.

बाईनं ते ऐकलं. डोळे पुसले, पदर खोचला आणि हरण्यासमोर उभी राहिली.

"खातो का न्हाई, मेल्या? नुसतं बसून खायची सवय लागली तुला!"

हरण्यानं कान टवकारले. बाईचा आवाज चढला. हरण्यानं घमेल्यात तोंड घातलं. डॉक्टरांनी हातानंच खुणावलं, थांबू नका.

बाई कुठली थांबते! बादल्या ठेवून अख्खी छावणी गोळा झाली.

"लेकीच्या लग्नात रुसून बसला व्हतास, इसरले न्हाई मी! माझ्या भावाला पाणी तरी इचारलंस का?"

हरण्या खात होता. तेवढ्यात एसटीतून उतरून सोपानराव आले आणि पिशवी हातात तशीच धरून गर्दीत उभे राहिले. हळूच म्हणाले, "अगं..."

भागीरथीबाईनं वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा. त्याचं खाऊन झालं न्हाई अजून."