तुआइनेची कबर कोण खणणार

इंग्लंडच्या राणीच्या इथल्या प्रतिनिधीला काम तरी काय असतं, असं आमच्या रारोटोंगा बेटावर जो तो मलाच विचारतो. मी त्याची थोरली बहीण, त्याच्या बंगल्यातलं स्वयंपाकघर माझ्या हातात. मी सांगते, मंत्री दाखवतील तिथं सही करायची आणि बोलावतील तिथं जेवायचं. आमचा योतिया मूळचा वकील. वेलिंग्टनला शिकून आला, जमिनीच्या कोर्टात सात-सात पिढ्यांच्या वंशावळी घडाघडा म्हणायचा, समोरच्याची बोबडी वळायची. आणि शेवटी झाला काय, तर शिक्का मारणारा. हे मी त्याला तोंडावर म्हटलंय.

खुनाचा खटला त्यानं आयुष्यात एकच घेतला. शनिवारच्या नाचात दारूच्या भरात तेरेपाईनं एकाला ढकललं, तो दगडावर आपटून मेला. योतियानं त्याला आमच्या रीतीचा सल्ला दिला. डुकरं घेऊन मेलेल्याच्या घरच्यांच्या दारी जा, गुडघे टेक, क्षमा माग. क्षमा मागताना सबब सांगायची नसते, सगळा दोष अंगावर घ्यायचा असतो. म्हणून तेरेपाई म्हणाला, मी मुद्दाम मारलं. त्या लोकांनी त्याला उठवलं, मिठीत घेतलं, त्याच्याबरोबर एका पानात जेवले. आमच्याकडे असं जेवण झालं की विषय मिटला. पण न्यायाधीश परमुलखातला. सरकारी वकिलानं तेच शब्द कबुली म्हणून पुढे केले. जन्मठेप झाली.

तेरेपाईची आई तुआइने. अकरा वर्षं दर रविवारी देवळातून निघताना ती योतियाशी हात मिळवायची, एक शब्द न बोलता. एकदा शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

एका मंगळवारी सकाळी ती गेल्याचं कळलं. आमच्याकडे माणसाला घराच्या अंगणातच पुरतात, आणि आईची कबर मुलगा खणतो. परक्यानं खणली तर बाई निपुत्रिक गेली असं गाव म्हणतं. तेरेपाई तिचा एकुलता एक.

मी अळूचे कंद सोलत होते. योतियानं तुरुंगखात्याच्या मंत्र्याला फोन लावला, "चार तासांची रजा द्या त्याला. पहाऱ्यात पाठवा हवं तर."

मंत्र्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. "निवडणूक तोंडावर आलीय, योतिया. तेरेपाईनं ज्याला मारलं त्याचं अख्खं गाव माझ्या मतदारसंघात आहे. आणि सल्ला आम्ही द्यायचा, तू ऐकायचा. विसरलास काय?"

योतिया फोन ठेवून बसून राहिला.

"बस असाच," मी म्हटलं. "तुझ्या सल्ल्यानं पोरगा आत गेला. आता आईला मूठभर माती द्यायलाही मुकू दे."

तो म्हणाला, "ताई, मी कुठल्या गावाला अधिकृतपणे जातो तेव्हा तिथं मांडव कोण घालतं?"

"कैदी. गवत तेच कापतात, मांडव तेच घालतात."

"त्यासाठी मंत्र्याला कधी विचारलंय?"

त्यानं तुरुंगाच्या प्रमुखाला फोन केला. "उद्या तुआइनेच्या अंत्यविधीला राणीचा प्रतिनिधी येतोय. नेहमीसारखी तुकडी पाठवा. कुणाला पाठवायचं ते मी सांगत नाही. पण खणता येणारी माणसं हवीत."

पलीकडून उत्तर आलं, "समजलो."

मी म्हटलं, "मंत्र्याला कळलं तर खुर्ची जाईल तुझी."

"जाऊ दे. खणण्याआधी कळू नये, एवढंच."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही पोचलो. मांडव उभा होता. ओटीवर शवपेटी, तिच्यावर तुआइनेनं स्वतः शिवलेली फुलांची गोधडी. बायका स्तोत्रं गात होत्या. तिघं कैदी फावडी टेकून उभे, जमिनीला कुणी हात लावलेला नाही. तेरेपाई ट्रकमधून उतरायलाच तयार नव्हता.

"तुझ्या सल्ल्यानं एकदा गुडघे टेकले, वकिला," तो म्हणाला. "आता खाली उतरलो की पळत होता म्हणाल."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलवरचा पोलीस थांबला. त्यानं तेरेपाईला पाहिलं आणि फोन असलेल्या दुकानाकडे गाडी वळवली.

योतियानं पांढरा कोट काढून माझ्याकडे दिला, फावडं उचललं आणि खणायला लागला. साठी उलटलेला माणूस, आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललेलं नाही. माती त्याच्याच बुटांवर पडत होती.

तेरेपाई बघत राहिला. मग उडी मारून आला. "अरे, तिरकं खणतोयस. आईला वाकडी निजवशील. हो बाजूला."

योतिया बाजूला झाला, पण बाहेर आला नाही. पायथ्याकडून खणू लागला. दोघं कमरेइतके खाली गेले तेव्हा पोलीस परतला. मंत्र्याचा हुकूम होता, कैद्याला ताबडतोब घेऊन या.

योतियानं खड्ड्यातूनच मान वर केली. "मी निघाल्याशिवाय माझी तुकडी निघत नाही, अशी वहिवाट आहे. मी अजून निघालेलो नाही."

पोलीस घुटमळला, मग त्यानं हेल्मेट काढलं आणि मांडवाखाली जाऊन बसला. योतिया चार तास निघाला नाही. पेटी खाली उतरली, शेवटची माती तेरेपाईनं हातानं थापली, मगच योतियानं माझ्याकडे कोट मागितला.

ट्रकमध्ये चढण्याआधी तेरेपाई योतियासमोर आला. हात मिळवला, आईसारखाच, एक शब्द न बोलता. योतिया सगळ्या गावासमोर रडला. खुर्ची गेली ती पुढच्या महिन्यात.