जांभळा झिंगा

मी जन्मभर सूत रंगवलं. सोलापुरी चादरीचा लाल असो की मोरपंखी, लडी रंगाच्या हौदात बुडवायची, वर काढायची, वाळली की उन्हाला धरायची आणि सांगायचं, "झाला." माझं 'झाला' म्हणजे झाला, पुढं बोलायची मालकाचीही हिंमत नव्हती. मग कारखान्यात रंग जुळवायचं यंत्र आलं आणि मालक गोड आवाजात म्हणाले, "मामा, आता घरी आराम करा." आराम! महिनाभरात घरचे माझ्या आरामाला कंटाळले.

त्यातच मुलाची पुण्याला बदली झाली आणि त्याच्या हौसेच्या काचेच्या दोन पेट्या माझ्या गळ्यात पडल्या. एकीत गोड्या पाण्यातले लाल झिंगे, दुसरीत निळे. नखाएवढे जीव, पण रंग असा पक्का की बघत राहावं. जाताना बजावून गेला, "बाबा, एकत्र करू नका, रंग बिघडतो." मला! रंग कसा बिघडतो ते मला सांगतोय!

आम्ही घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही. त्या दिवशी दोन्ही बोललो. लाल आणि निळा मिळून काय होतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जांभळा! यंत्राला जन्मात जमायचं नाही ते माझा हात करतो, हे मला एकदा दाखवायचंच होतं. कट्ट्यावरच्या जुन्या रंगारी जोडीदारांना तसं सांगूनही टाकलं.

निळा लई जोरात चढतो. म्हणून लाल दोन वाटे, निळा एक वाटा, अशा हिशेबानं झिंगे नव्या पेटीत सोडले. "अहो, ते जीव आहेत का रंगाच्या पुड्या?" बायको म्हणाली. मी कशाला ऐकतोय!

आमच्या उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो, तिथं झिंग्यांचं काय? पाण्याची बाटली गोठवायची आणि पेटीत तरंगत सोडायची. फ्रीजमध्ये सरबताला बर्फ उरेना, त्यावरून बायकोनं लई ऐकवलं. नळ आला की घागर भरून ठेवायची आणि पाणी शिळं होऊन त्यातलं औषध उडाल्यावरच वाटीवाटीनं ओतायचं. नातवंडांचं एवढं केलं नसेल.

माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसली, पिल्लं निघाली. पार बिनरंगाची. मी निवांत होतो. ओल्या सुताचा रंग खरा नसतो, वाळल्यावर कळतो. मग पिल्लांचा रंग आला, तो मातकट! सगळी तशीच. मुलाला फोन केला तर हसतच सुटला. "बाबा, हे काय सूत आहे का? दोन रंगांचे झिंगे मिसळले की पिल्लं मूळच्या रंगावर जातात. ओढ्यातला झिंगा असाच असतो."

आणि नेमके त्याच रविवारी जोडीदार जांभळा बघायला हजर.

"कुटं हाय जांभळा?" एकानं काचेला नाक लावून विचारलं. मग माझ्याकडं वळून हसत म्हणाला, "हात गेला की रे तुझा."

तो थट्टेनंच बोलला, पण मला लागलं. हात मांडीवर घेऊन बसलो.

बायको चहा घेऊन आली. ताट खाली ठेवून पेटीपाशी वाकली. इतके महिने तिनं त्यात धड डोकावलंही नव्हतं.

"अय्यो, हा रंग मी ओळखते की," ती म्हणाली. "संध्याकाळी हे कामावरून यायचे तेव्हा हातांचा रंग असाच असायचा. दिवसभरातले सगळे रंग एकावर एक बसलेले. कितीही साबण लावा, जायचा नाही. त्याच हातानं जेवायचे."

जोडीदार आपापले हात बघायला लागले. आम्हा सगळ्यांचेच तसे असायचे. 'हात गेला' म्हणणाऱ्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "मला दे की त्यातली चार. घरी ठेवतो."

मी काचेच्या बरणीत पिल्लं काढून दिली. त्यानं बरणी दारात नेली, उन्हाला धरली, डोळे बारीक करून नीट बघितली आणि म्हणाला, "झाला."